दूषित मातीच्या आराखड्याची छाननी खोदाईपूर्वी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुने कारखाने, पेट्रोल पंप आणि रसायनांची गोदामे पाडून त्या जागी उभ्या राहणाऱ्या निवासी इमारतींविषयीचा आपला लेख वाचला. ‘दूषित माती हटवून बांधकाम सुरू केले जाते’ असे एक वाक्य त्यात ओझरते येऊन जाते. माझे पत्र त्या एका वाक्यापुरतेच आहे.

स्थापत्य अभियंता म्हणून नोकरीत असताना अशा जागांतील दूषित मातीच्या सफाईचे आराखडे तपासण्याचे काम माझ्याकडे येत असे. आराखडा हाती पडला की बहुतेकांचे लक्ष आधी उपायाकडे जाते: माती उपसून नेणार, सिमेंट मिसळून जागीच घट्ट करणार, की सूक्ष्मजीवांकडून तेलाचे विघटन करवणार. माझ्या मते आधी पाहायचा तो नमुन्यांचा नकाशा. तो जागेच्या जुन्या वापराच्या नकाशाशेजारी ठेवला की बरेच काही उघड होते. जमिनीखालच्या टाकीच्या, टँकर रिकामे करण्याच्या आणि सांडपाण्याच्या चराच्या जागी मातीचा नमुना घेण्यासाठी एकही बोअर नसेल आणि मोकळ्या आवारात मात्र ओळीने बोअर घेतलेले असतील, तर प्रयोगशाळेचे आकडे अचूक असूनही त्यांचा उपयोग शून्य.

दुसरी खोच नमुना घेण्याच्या रीतीत असते. पाच ठिकाणची माती कालवून एकच नमुना पाठवला आणि त्यांपैकी एका ठिकाणी शिसे मर्यादेच्या चौपट असले, बाकी चार ठिकाणी जवळपास नसलेच, तर अहवालात मर्यादेच्या आतलाच आकडा येतो आणि ती एक जागा कागदावरून नाहीशी होते. बेंझिनसारख्या उडून जाणाऱ्या द्रव्यांच्या बाबतीत तर माती कालवतानाच ती हवेत जातात. ती मर्यादाही निवासी वापराची धरली आहे की औद्योगिक वापराची, हे पाहावे. औद्योगिक मर्यादा सहसा सैल असते आणि त्या जागेवर मुले खेळणार असतील तर ती लावणे गैर आहे.

उपायाबाबत एवढेच, की तो त्या प्रदूषकाला आणि त्या जमिनीला लागू पडणारा हवा. मातीतली वाफ पंपाने ओढून काढण्याची पद्धत वाळूमिश्रित जमिनीत पेट्रोलसाठी उत्तम चालते. घट्ट चिकणमातीतून हवाच फिरत नाही, आणि शिशावर तिचा काहीही परिणाम होत नाही. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे अधिक विषारी रूप) असलेल्या मातीत नुसते सिमेंट मिसळून भागत नाही. त्याचे आधी कमी विषारी अशा ट्रायव्हॅलंट रूपात रूपांतर करावे लागते.

खरी कसोटी लागते ती माती काढून झाल्यावर. खड्ड्याच्या तळातून आणि चारही बाजूंच्या भिंतींतून पुन्हा नमुने घ्यायचे असतात, आणि अहवाल यायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस खड्डा उघडा ठेवणे कोणत्याच कंत्राटदाराला परवडत नाही, त्यामुळे अहवालाची वाट न पाहता पीसीसी, म्हणजे पायाखालचे साधे काँक्रीट, ओतून मोकळे होण्याचा मोह फार मोठा असतो. एकदा काँक्रीट पडले की तो तळ पुन्हा कोण उकरणार? म्हणून अहवाल हाती येईपर्यंत काँक्रीट ओतायचे नाही, तळाचा नमुना नापास झाला तर आणखी किती खोल जायचे आणि अनपेक्षितपणे एखादी पुरलेली टाकी सापडली तर काम कोणी थांबवायचे, या तीन गोष्टी ज्या आराखड्यात लिहिलेल्या नाहीत तो परत पाठवावा. खड्ड्यात साचणारे पाणीही दूषित असू शकते. ते थेट गटारात सोडण्याची सोय आराखड्यात असेल तर तीही नामंजूर व्हावी.

माती न काढता वर थर देऊन झाकण्याचा पर्याय स्वस्त असतो आणि काही ठिकाणी तो योग्यही ठरतो. मात्र अमेरिकेतील लव्ह कॅनॉलचे उदाहरण विसरू नये. रासायनिक कचऱ्याने भरलेली ती झाकलेली जमीन 1953 मध्ये शाळा मंडळाला एक डॉलरला देण्यात आली. विक्रीखतात रसायनांचा उल्लेख होता; तरी तिथे शाळा झाली, शेजारी घरे झाली, रस्ते आणि गटारांच्या खोदाईत मातीचा थर फुटला आणि 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना हलवावे लागले. तेव्हा थर किती जाड, त्याखाली काय आहे आणि पुढे पाइप टाकायला खोदणाऱ्याला ते कोण सांगणार, याचे उत्तर आज मागितलेच पाहिजे.

अशा छाननीने काम लांबते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. लांबते, हे मान्य. पण इमारतीखालची माती नंतर बदलायची म्हटले तर त्याहून कितीतरी जास्त लांबते. माझी मागणी मर्यादित आहे. खोदाईला परवानगी देण्यापूर्वी संपूर्ण आराखडा, नमुन्यांचे नकाशे आणि प्रयोगशाळेचे मूळ अहवाल रहिवाशांना पाहायला मिळावेत. आराखडा तपासणाऱ्या तज्ज्ञाची नेमणूक आणि मानधन परवानगी देणाऱ्या यंत्रणेमार्फत व्हावे, विकासकाकडून थेट नव्हे. आणि शेवटच्या फेरीचे नमुने सफाई करणाऱ्या कंपनीऐवजी दुसऱ्या कोणी घ्यावेत.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता