मूळ संख्येची परीक्षा अर्ध्यावर सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत मोठी संख्या मूळ आहे का, हे झटपट ओळखण्याच्या क्लृप्त्या अधूनमधून येतात. ३, ७, ११, १३ ने भाग लावून पाहण्याची रीत चांगलीच आहे. पण तिने संख्या फक्त बाद करता येते, मूळ ठरवता येत नाही. हे सोबत छापले जात नाही आणि मुलांच्या मनात नेमके उलटे बसते.

४,२९,४९,६७,२९७ घ्या, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून आळीपाळीने अधिक-वजा करा : २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ३८० ला ७, ११, १३ पैकी कशानेच भाग जात नाही, म्हणून या संख्येलाही जात नाही. (लाख-कोटींचे स्वल्पविराम पाहून गट पाडले तर रीत फसते. ती १००१ = ७ × ११ × १३ वर उभी आहे, म्हणून गट तीनचाच हवा.) फर्मासारख्या गणितज्ञाचाही ही संख्या मूळ असल्याचा समज होता. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तिचे अवयव दाखवले : ६४१ × ६७,००,४१७.

संयुक्त संख्येचा एक तरी मूळ विभाजक तिच्या वर्गमुळाच्या आत असतोच. या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आणि तिथपर्यंत मूळ संख्या ६,५४२. एवढे भागाकार हाताने कोण करणार? ऑयलरने सिद्ध केले की या संख्येचा विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. पुढे गणितज्ञ ल्यूकाने ६४ चे १२८ केले. मग ओळीने तपासायचे ते १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ असे. यांत मूळ फक्त २५७ आणि ६४१. २५७ ने बाकी २ उरते, ६४१ ने शून्य. दोन भागाकारांत काम संपले!

भागाकाराशिवायही हे दिसते. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भागाला १ कमी). चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणून ६२५ च्या जागी −१६ चालतो. १६ म्हणजे २ चा चौथा घात. तेव्हा २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१, आणि त्यात १ मिळवला की पूर्ण भाग. नववीचा विद्यार्थी हे वहीत सहज मांडेल.

संगणकावर तपासणाऱ्यांनीही जपावे. बिनचिन्ही (ऋण संख्या न ठेवणाऱ्या) ३२ बिटांत, म्हणजे ३२ द्विमान अंकांत, ही संख्या मावत नाही, वरचा बिट गळून नुसता १ उरतो. फर्माची कसोटी (पायाचा ‘संख्या वजा १’ इतका घात घेऊन त्या संख्येने भागल्यावर बाकी १ उरते का, हे पाहणे) पाया २ घेऊन लावली, तर ही संयुक्त संख्या चक्क उत्तीर्ण होते. पाया ३ घेतला की पकडली जाते.

म्हणून विनंती : पुढच्या वेळी अशी क्लृप्ती छापाल तेव्हा ‘वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भाग लावून पाहावा’ ही ओळ तिच्याच चौकटीत, ठळक अक्षरांत द्यावी.

– एक गणित शिक्षक