इम्युनोथेरपीनंतरचा थकवा तपासून घ्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझे थोरले दीर एका खासगी रुग्णालयात फुफ्फुसाच्या कर्करोगावर इम्युनोथेरपी घेत होते. दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध. केस गेले नाहीत, उलट्या नाहीत, घरात सगळे खूश. चार महिन्यांनी मात्र लालबागच्या आमच्या चाळीचा जिना चढताना ते मधेच बसू लागले. जेवण तुटलं, रक्तदाब उतरला, सोडियम कमी झालं. फॅमिली डॉक्टरांनी दोनदा सलाइन लावलं, शेजारणींनी नाचणीचं सत्त्व पाठवलं, आणि 'कॅन्सर म्हटल्यावर एवढं चालायचंच' अशी आम्ही मनाची समजूत घातली. शेवटी कोणीतरी सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीराला ताण सोसायला लागणारं संप्रेरक) तपासायला सांगितलं आणि कळलं, ते बनवायचा हुकूम देणारी मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच मंदावली आहे.

ही औषधं कर्करोगाच्या पेशींना थेट मारत नाहीत, प्रतिकारशक्तीचे ब्रेक सोडवतात. याच शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण ब्रेक सुटलेली प्रतिकारशक्ती कधी थायरॉइडवर, कधी पियुषिका किंवा मूत्रपिंडावरच्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीवर, क्वचित स्वादुपिंडावरही धावून जाते; मग कधीच नसलेला मधुमेह अचानक उभा राहतो. औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीही हे होऊ शकतं. पियुषिकेचं कॉर्टिसॉलवरचं नियंत्रण एकदा गेलं की सहसा परत येत नाही, पण हायड्रोकॉर्टिसोनच्या (कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या स्टिरॉइडच्या) गोळ्यांवर माणूस हिंडता-फिरता राहतो, कर्करोगाचे उपचारही बहुधा चालू ठेवता येतात. दिरांनी गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी स्वतःहून बटाटेवडा मागितला! थायरॉइडही मंदावलं असेल तर मात्र आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी). क्रम चुकला तर जिवावर बेतू शकतं.

संमतीपत्रात 'एंडोक्रिनोपॅथी' (संप्रेरकांच्या ग्रंथींचा बिघाड) असा इंग्रजी शब्द होता म्हणे. सही मीच केली होती.

परळला कर्करोगाच्या उपचारांसाठी राज्यभरातून रुग्ण येतात आणि उपचार घेऊन गावी परततात. तिथल्या डॉक्टरांना समोर फक्त एक थकलेला माणूस दिसतो. म्हणून प्रत्येक रुग्णाला मराठीत एक कार्ड मिळावं: औषधाचं नाव, थकवा-चक्कर-उलट्या किंवा सतत तहान लागली तर कॉर्टिसॉल, सोडियम, थायरॉइड आणि साखर तपासा, स्टिरॉइड चालू असेल तर ते एकदम बंद करू नका, ताप आला किंवा शस्त्रक्रिया ठरली तर मात्रा वाढवावी लागते.

दिरांच्या पाकिटात सध्या रेल्वेच्या पासमागे मी हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे.

– एक वाचक, लालबाग, मुंबई