तो सुट्टीवर आला की

रत्नागिरी, रविवार रात्र

प्रिय सुमे,

'भेटण्याआधी एचआयव्हीची वगैरे तपासणी करून घेऊया म्हणाला तो, म्हणजे माझ्यावर विश्वासच नाही ना?' तुझ्या या मेसेजला व्हॉट्सअ‍ॅपवर काय उत्तर देणार, कपाळ! म्हणून कागद घेतला.

तुला कधी बोलले नाही. गेल्या वर्षी महेश बोटीवरून सात महिन्यांनी घरी आला आणि तिसऱ्याच दिवशी मला लघवीला अशी आग सुरू झाली की बाथरूमची कडी धरून उभी राहिले. दर दहा मिनिटांनी जायचं आणि होणार चार थेंब. मनात पहिलं काय आलं असेल? डर्बन, सान्तोस, सिंगापूर, त्याने फोनवर सांगितलेली सगळी बंदरं! त्याला अवाक्षर बोलले नाही. मागच्या खोलीत झोपायला लागले. सासूबाईंना सांगितलं, तिकडे वारा लागतो. दोन दिवस धन्याचं पाणी प्यायले. ताप भरला तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी पहिलंच विचारलं, "मिस्टर कधी आले?" लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला. आपल्याच आतड्यातला जंतू गं! बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, संबंधाच्या वेळी तो जंतू आत सरकतो, आणि मोठ्या खंडानंतर एकदम जवळ आलं की बऱ्याच जणींना हा त्रास होतो. नंतर लगेच लघवीला जाऊन यायचं, पाणी भरपूर प्यायचं, गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. आणि मी दोन दिवस त्या बापड्याची मनातल्या मनात बंदरोबंदरी उलटतपासणी घेत होते.

सांगितल्यावर तो चिडला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "चल, दोघंही तपासून घेऊ." सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. तुमच्या संमतीशिवाय रिपोर्ट कुणाला सांगायचा नाही, असा २०१७ चा कायदाच आहे. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची चाचणी, आणि हिपॅटायटिस बी बाहेर लॅबमध्ये केलं. बाकावर महेश माझी पर्स मांडीवर घेऊन बसला होता. लग्नाच्या बोहल्यावरही आम्ही इतके अवघडलो नव्हतो.

आता तुझं. 'करून घेऊया' असं तूच लिहिलंयस, 'करून घे' नाही. तुला एकटीलाच पाठवत असता तर मीच त्याला फोन करून झाडला असता.

फक्त रिपोर्टवर नुसतं निगेटिव्ह बघू नकोस, तारीख बघ. संबंधानंतर आठवड्याभरात केलेल्या एचआयव्ही चाचणीवर विसंबता येत नाही. विंडो पिरियड असतो, म्हणजे लागण झाली तरी सुरुवातीला चाचणीत दिसत नाही; तीन महिन्यांनी परत केली की खात्री. आणि मला काही त्रास नाही, असं म्हणून टाळू नकोस. क्लॅमिडियासारखं संबंधातून लागणारं दुखणं बायकांमध्ये बरेचदा गुपचूप असतं. लाज वाटली तर आधी १०९७ वर, एड्सच्या हेल्पलाइनवर, फोन कर, पैसे पडत नाहीत.

महेश जूनमध्ये येतोय. या वेळी विमानतळावरूनच पाण्याचा बॉक्स उचलून आणतो म्हणतो, मेला.

तुझी,
मंजी