मनूचा पोर्टफोलिओ आणि तुमच्याकडचं काम

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "बी.एफ.ए. होतंय, चित्र काढता येतं, मग मनूनं आणखी दोन वर्षं शिकायचं काय?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

चित्र काढता येतं हे एम.व्ही.ए.ला, म्हणजे दृश्यकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, धरूनच चालतात. तिथं स्वतःचा एक विषय घेऊन काम करत राहायचं आणि ठरावीक दिवसांनी ते भिंतीवर लावून सगळ्यांच्या प्रश्नांना सामोरं जायचं. याला क्रिट म्हणतात. याच मापाचं का? कागदावरच का? मनूला हेच हवंय. आणि कला महाविद्यालयात शिकवायचं तर साधारणपणे पदव्युत्तर पदवीला 55 टक्के आणि नेट ही पात्रता परीक्षा लागते, तेव्हा नोकरीची वाटही इकडूनच जाते. बडोद्याची ललित कला विद्याशाखा 1950ची, शांतिनिकेतनचं कलाभवन 1919चं. दोन्हीकडे अर्ज करू दे. कलाभवनात भित्तिचित्राची मोठी परंपरा आहे, हळद आणि माती रंग म्हणून वापरून ती जे काम करते, त्याला ती परंपरा जवळची वाटते.

तिची शेवटच्या वर्षाची धांदल आहे, म्हणून अर्जासोबतच्या पोर्टफोलिओसाठी, म्हणजे तिच्या निवडक कामांच्या संचासाठी, चित्रांचे फोटो काढायचं काम तुम्ही घ्या. चांगली कामं वाईट फोटोंमुळे पहिल्या चाळणीतच मागं पडतात.

चित्र ओसरीत उभं करा, सावलीत, पण उजेड भरपूर हवा. फ्लॅश नको. समोरची हिरवी भिंत मात्र घात करते, पांढरा कागद हिरवट दिसतो. त्या भिंतीवर पांढरी चादर टाका. फ्रेमची काच काढा, नाहीतर बाबाच फोटोत दिसतील. मोबाइलची वाइड लेन्स वापरू नका, जवळून काढलं की कडा फुगतात. दोन-तीन पावलं मागं जाऊन 2x वर काढा. मोबाइल चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर धरा. वर-खाली कलला की चौकोनाचा पतंग होतो. हळद-मातीच्या कामांचा एक जादा फोटो बाजूनं येणाऱ्या उजेडात घ्या, म्हणजे मातीचा खरखरीतपणा दिसेल. प्रत्येक फोटोपुढं नाव, माध्यम, उंची गुणिले रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि वर्ष लिहून ठेवा. उंची आधी, यात फार गोंधळ होतो.

किती कामं द्यायची ते फॉर्मवर असतं. पण भरती नको. आई, गणपतीचं मोठं चित्र तुला आवडतं हे माहीत आहे, तरी ते ठेवू नका. हरिपूरच्या पेवांवरची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवरची, मालिका सलग दिसली पाहिजे. तीस सुट्या चित्रांपेक्षा एका विचाराची बारा भारी पडतात.

आता हळदीचं. तिचा पिवळा रंग उजेडात उडतो, ही खरी अडचण आहे आणि मुलाखतीत विचारतीलच. मनूला आजच पट्टी करायला सांगा: तिच्याच कागदावर तिच्याच डिंकात हळद लावायची, अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवायचा आणि पंधरा दिवस दक्षिणेच्या खिडकीत ठेवायची. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरला की उत्तर समोर येतं. चुन्यानं हळद तांबडी होते हे आईला सांगायला नको, कुंकू तसंच होतं. म्हणून ओलं काम चुना लावलेल्या भिंतीला टेकवू नका. रंग उडणं हाच कामाचा भाग आहे असं मनू म्हणत असेल तर म्हणू दे, पण पट्टी दाखवून म्हणू दे. मला तो मुद्दा पटतो. पेवातली हळद अंधारातच टिकते, भिंतीवर ती हळूहळू फिकी होणार.

जमलं तर एखाद्या रविवारी तिला एस.टी.नं सातारा जिल्ह्यातल्या औंधला न्या. तिथल्या संग्रहालयात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं दगडी आई-मूल शिल्प आहे. मूळ काम समोरून पाहून आलेल्या मुलीचं बोलणंच वेगळं असतं.

कॅनव्हास गुंडाळायची वेळ आली तर रंग बाहेरच्या बाजूला ठेवा आणि आत किमान सहा इंची पाइप घाला. आत वळवला तर रंग दबून सुरकुततो.

पहिले तीन फोटो काढलेत की मला पाठवा, बाकीचे त्यानंतर काढा.

तुमची मोठी