बंड्यास, ड्राफ्टच्या भांडणापायी

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. माझं बीपी गोळीवर आहे. फोन केला असता तर तू मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून लिहितोय. तुझ्या बेरी-सिमन्सच्या तुणतुण्याची तार सापडली रे!

संक्रांतीला तिळगूळ हातात देऊन अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टवरून ऐकवलं होतंस, म्हणजे संघ कॉलेजची पोरं पाळीपाळीनं उचलतात आणि नंबर लागतात त्यावरून. बेरी आणि सिमन्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब काढलाय, वरच्या नंबरचे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारे, खेळतात जास्त, पण दर प्लेमागे, एकेका चालीमागे, बघितलं तर खालच्यांपेक्षा फार सरस नाहीत. म्हणजे ड्राफ्ट निव्वळ मटका. वर मीठ चोळलंस की २००० साली आमच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी घरचा पोरगा टॉम ब्रेडी, पुढे दिग्गज ठरलेला, सोडून हॉफस्ट्रा कॉलेजचा कार्माझी उचलला, ६५ वा. ब्रेडी गेला १९९ वर.

अरे, पण कार्माझी लीगच्या एकाही मॅचमध्ये उतरला नाही! मग तुझ्या सरासरीत तो आहे कुठे? खालच्यांतले कच्चे बाकावरूनच घरी गेले, उतरले ते कोचनं सरावात पारखलेले. कच्च्या पोरांना फॉर्मच भरू न देणाऱ्या शाळेचा निकाल आहे हा.

कॉलेजवरून पोराचा अंदाज येत नाही, हे मात्र तुझं मान्य. जॉश ॲलन रीडलीच्या ज्युनिअर कॉलेजातून वायोमिंगला गेला, तिथे शंभरातले छप्पन्न पास पोचायचे, आणि तोच २०२४ चा एमव्हीपी, लीगचा सर्वोत्तम खेळाडू. ट्रे लान्सही आडबाजूच्या नॉर्थ डकोटा स्टेटचा. त्याच्यापायी आम्ही पहिल्या फेरीच्या तीन निवडी (फर्स्ट राउंड पिक) मोजल्या, आणि तो फसला. हसू नकोस, तसाच फसलेला झॅक विल्सन तुमच्या न्यूयॉर्क जेट्सचाच.

पण इथे येऊन मीच अडकलोय. कच्चे कोण हे ठरवलं कधी? ब्रेडीला जागा मिळाली ती २००१ मध्ये तुमच्याच जेट्सच्या मो लुइसनं त्याच्या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ब्लेडसो आडवा केला म्हणून. आमचा पर्डी २०२२ च्या ड्राफ्टचा शेवटचा, २६२ वा. आधी लान्सचा घोटा मोडला, मग त्याच्या जागी आलेल्या गारोपोलोचं पाऊल, तेव्हा कुठे त्याची पाळी आली. उलट तुमचा डार्नल्ड, ड्राफ्टमधला तिसरा नंबर. जेट्सनी काढला तर पँथर्सनी घेतला, मग आम्ही, मग वायकिंग्जनी, आणि २०२४ ला तिथे १४ मॅच जिंकून दाखवल्या. सहाव्या राउंडचा असता तर एवढी दारं कुणी उघडली असती? आपलंच बघ. पक्या डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आला, तर पहिल्या वायव्हालाच त्याच्यावर कच्चा म्हणून शिक्का बसला. तू मेरिटवाला. तुझा गणिताचा एम-थ्री राहिला तरी सर म्हणायचे, "हुशार आहे, लक्ष नाही." आता यातून नंबरात दम किती आणि लाड किती हे वेगळं कसं काढायचं, सांग. रात्री दोनपर्यंत कागद काळे करतोय, हिनं दिवा बंद केला.

नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन. वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनूच्या कॉलेजांची यादी आली म्हणे, त्यावर मी तोंड उघडणार नाही.

उत्तर लिहूनच दे, शिव्यांसकट.

तुझा,
सुन्या