पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये मूळ आयपी पुसणाऱ्या राउटरबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण विभाग,
फायबर ब्रॉडबँड सेवा

विषय : राउटरच्या फर्मवेअरमुळे झालेला स्पॅम रिले आणि बंद केलेले पोर्ट २५

महोदय,

माझा स्वतःचा मेल सर्व्हर घरीच चालतो. स्पॅमचा ठपका ठेवून आपण माझ्या स्टॅटिक आयपीवरून (न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्यावरून) बाहेर जाणारे पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल पाठवण्याची वाट, बंद केले आहे. परक्यांचा स्पॅम माझ्या सर्व्हरमधून पुढे गेला (रिले झाला) हे खरे, पण त्याला वाट आपल्याच राउटरने करून दिली.

फर्मवेअर (राउटरमधले सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यापासून हा राउटर पोर्ट फॉरवर्ड करताना, म्हणजे बाहेरचे कनेक्शन घरच्या सर्व्हरकडे वळवताना, येणाऱ्या कनेक्शनचा मूळ आयपी पुसतो आणि तिथे स्वतःचा, म्हणजे १९२.१६८.१.१, टाकतो. स्कॅनरला लॉगिन करून मेल पाठवता येत नाही, म्हणून पोस्टफिक्स या माझ्या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये, लॉगिनशिवाय मेल पाठवू देणाऱ्या पत्त्यांच्या 'मायनेटवर्क्स' यादीत १९२.१६८.१.०/२४, म्हणजे घरच्या नेटवर्कचे सगळे पत्ते, होते. परिणामी बाहेरचा कुणीही सर्व्हरला घरचाच वाटू लागला. या यादीला परवानगी देणारा 'परमिट मायनेटवर्क्स' नियम आधी लागू होतो, त्यामुळे परक्या पत्त्यांवरचा मेल अडवणाऱ्या 'रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन' नियमापर्यंत गाडी पोहोचलीच नाही. सोबतच्या लॉगमध्ये स्पॅमच्या प्रत्येक कनेक्शनपुढे हाच एक पत्ता दिसेल.

आता 'मायनेटवर्क्स'मध्ये फक्त १२७.०.०.०/८ (सर्व्हर स्वतः) आणि स्कॅनरचा एकटा पत्ता आहे. बाकी सर्वांना मेल पाठवण्यासाठी पोर्ट ५८७ वर टीएलएस (एन्क्रिप्शन) आणि पासवर्ड सक्तीचा आहे. रांगेत अडकलेला स्पॅम काढून टाकला आहे. बाहेरच्या मशीनवरून परक्या पत्त्यासाठी 'आरसीपीटी टू' (मेल कुणाला द्यायचा हे सांगणारी आज्ञा) दिल्यास '५५४ ५.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड', म्हणजे मेल पुढे पाठवण्यास नकार, हेच उत्तर येते. आपल्या तंत्रज्ञांनीही ही चाचणी बाहेरूनच करावी. घरच्या वायफायवरून केल्यास राउटरची ही खोड दिसतच नाही.

रिले थांबला तरी मूळ दोष कायम आहे. एसपीएफ तपासणीला (पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनसाठी अधिकृत आहे का, हे पाहणारी) खरा आयपी मिळत नाही, ब्लॅकलिस्ट तपासणी निरुपयोगी ठरते, आणि हल्लेखोरांचे पत्ते बंद करणाऱ्या फेलटूबॅन प्रोग्रॅमने एका हल्लेखोराला रोखले की राउटरचाच पत्ता बंद होऊन बाहेरून येणारा सगळा मेल थांबतो. यावर हेल्पलाइनचे उत्तर एकच : राउटर रीसेट करा. फर्मवेअर तेच राहणार असेल तर रीसेटने काय साधणार?

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात. राउटर ब्रिज मोडवर (पत्त्यात बदल न करता कनेक्शन थेट पुढे देणाऱ्या स्थितीत) द्यावा किंवा पोर्ट फॉरवर्डवरील सोर्स नॅट, म्हणजे मूळ आयपी बदलणे, बंद करावे. त्यानंतर पोर्ट २५ पुन्हा सुरू करावे. अर्जात दिलेल्या होस्टनेमचे पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचे नाव सांगणारी नोंद) लावावे. ते नसेल तर जीमेलसारख्या सेवा मेल नाकारतात. आपली स्टॅटिक आयपींची रेंज स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा आयपींची यादी) असल्यास तीही वगळून घ्यावी.

या तक्रारीचा डॉकेट क्रमांक कळवावा. मुदतीत निराकरण न झाल्यास मी आपल्या अपील प्राधिकरणाकडे जाईन.

आपला,
एक स्टॅटिक आयपीधारक ग्राहक

सोबत : मेल लॉग, रिले चाचणीचा तपशील