औषधाच्या बिलामागे चित्र काढून देणाऱ्या डॉक्टरांना

प्रिय डॉक्टर,

तुमचं नाव मला माहीत नाही. तुम्ही लॅबमधल्या रेसिडेंट होतात, एवढंच. पुढच्या खेपेला चौकशी केली तर रोटेशन बदललं म्हणाले. म्हणून हे पत्र असं उघड्यावर.

२०२३ चा ऑगस्ट. लेक सव्वातीन वर्षांचा. आधी पाय दुखतो म्हणून चालेना, मग नडग्यांवर निळे डाग, मग सीबीसी, मग मोठं हॉस्पिटल. 'बी-सेल एएलएल', म्हणजे लहान मुलांत आढळणारा एक रक्ताचा कॅन्सर, हे शब्द आठ दिवसांत घरात सगळ्यांना पाठ झाले. गुणसूत्रं तपासणाऱ्या 'फिश' चाचणीच्या रिपोर्टवर 'ईटीव्ही६-रनएक्स१' असं आलं, म्हणजे दोन जनुकं एकमेकांना जोडली गेली होती. वॉर्डातले एक डॉक्टर जाता जाता म्हणाले, "हे जन्माआधीच सुरू झालेलं असतं," आणि पुढच्या खाटेकडे वळले. धीर द्यायलाच म्हणाले असतील. मला ऐकू आलं ते, 'तुझ्या पोटात'.

माझ्या आईला २६ डिसेंबर २०१९ आठवला. सकाळचं सूर्यग्रहण, मला सहावा महिना, आणि मी ओट्याशी उभी राहून मेथी चिरत होते, कारण ह्यांचा डबा जायचा होता. तेव्हा ती फोनवर ओरडली होती. आता नुसतं "त्या दिवशी..." म्हणून गप्प झाली. ते जास्त लागलं. गर्भसंस्काराच्या वर्गाला मी तीनदाच गेले होते, तेही मग आठवलं.

बोन मॅरोच्या खोलीबाहेर मी रडत होते आणि तुम्ही डबा उघडून बाकावर बसला होतात. मी मेथीचं सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. डब्याचं झाकण लावलंत आणि माझ्या हातातलं औषधाचं बिल मागून घेतलंत.

"बाळाचं रक्त आधी हाडांत तयार होतच नाही, ताई." तुम्ही एक पिशवी काढलीत, मग यकृत, मग लांबडं हाड. सुरुवातीचे काही आठवडे ती पिशवी, म्हणजे योक सॅक, मग कित्येक महिने मुख्य काम यकृताकडे, आणि हळूहळू ते हाडांतल्या मगजाकडे जातं. या सगळ्या धावपळीत पेशी भराभर वाढत असतात, एखादीचा टाका चुकतो. बाराव्या आणि एकविसाव्या गुणसूत्राचे तुकडे तुटतात आणि भलतीकडेच जोडले जातात. "यात तुमची विळी कुठे आली?"

मग तुम्ही जे सांगितलंत त्यानं मला पहिल्यांदा श्वास घेता आला. तो चुकलेला टाका म्हणजे कॅन्सर नव्हे. लंडनचे कॅन्सर संशोधक मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर साधारण शंभरात एका बाळात हीच जोडणी सापडली. नंतरच्या मोजण्यांत आकडा मागेपुढे झाला. पण त्यातल्या बहुतेक बाळांना पुढे काहीच होत नाही. आजार व्हायला जन्मानंतर आणखी बिघाड व्हावे लागतात. बी-पेशीकडे अँटिबॉडी घडवण्यासाठी स्वतःचाच डीएनए कापून जोडायची कात्री असते, तीच पुढे कधी नको तिथे चालते.

हे कळलं कसं, असं मी विचारलं. (मी दहावीपर्यंतचं विज्ञान शिकवते, सवय जात नाही.) तुम्ही जुळ्यांचं सांगितलंत. एकाच वारेवर वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांत दोघांच्याही पेशींत तुटण्याची जागा तंतोतंत तीच निघाली, जी एरवी दोन रुग्णांत जुळत नाही. म्हणजे पेशी एकाच्या अंगात बिघडली आणि वारेतून दुसऱ्याकडे गेली. आणि जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्ताचे कागदावर वाळलेले थेंब! रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात दुसऱ्याच आजाराच्या तपासणीसाठी ती पद्धत काढली. पुढे मुलं आजारी पडल्यावर त्यांचे ते जुने कागद काढून पाहिले, तर खूण जन्माच्या दिवसाचीच. हे ऐकताना मी खोलीच्या दाराकडे बघायचंसुद्धा विसरले होते.

एका प्रश्नाला मात्र तुम्ही मला हवं ते उत्तर दिलं नाहीत, त्याचे आभार वेगळे. लेक एप्रिल २०२० चा, म्हणजे ऐन लॉकडाऊनचा. वर्षभर त्यानं दुसरं मूल पाहिलं नाही. ग्रीव्ह्ज यांचं म्हणणं असं, की पहिल्या वर्षात साधे जंतू भेटले नाहीत तर पुढचा संसर्ग काही मुलांत ती कात्री चालू करू शकतो. मग आम्हीच त्याला कोंडून हे केलं का? तुम्ही म्हणालात, "हा पुष्कळ मुलांकडे एकदम बघून बांधलेला तर्क आहे. तुमच्या एका मुलाचं 'का' कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही." खोटा दिलासा द्यायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

तेवढ्यात आतून हाक आली आणि तुम्ही गेलात.

ते बिल मी आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून हाड, यकृत, पिशवी सगळं उलट क्रमानं पाहिलं आणि म्हणाली, "मग मेथी नव्हती तर." स्टिरॉईडच्या दिवसांत लेक रात्री तीनला वरणभात मागायचा तेव्हा तीच उठायची.

गेल्या महिन्यात त्याची शेवटची गोळी झाली. आता तपासणीपुरतं यायचं. चित्र काढताना वापरलेलं तुमचं निळ्या टोपणाचं पेन माझ्याकडेच राहिलंय. दर खेपेला पर्समध्ये घेऊन येते. दिसलात तर हाक मारा, मला तुमचा चेहरा मास्कशिवाय ओळखता येणार नाही.

तुमची,
त्या बाकावरची आई